छतावरची रेघ

दिवा छताला लागून आडवा धरला तेव्हा देओदातोला ती रेघ दिसली. सरळ उजेडात काही कळत नाही. दिवा असा कडेने धरला की पुट्टीतला प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खळगा आपली सावली घेऊन उभा राहतो. दोन जिप्सम बोर्डांमधला सांधा नोर्बेर्तोने नेहमीसारखा एका दमात ओढत आणला होता, साठलेल्या पाण्यासारखा सपाट, आणि खोलीच्या मध्यावर त्याचं रुंद पातं एकदम कलंडलं होतं. तिथून एक वाकडी, खोल रेघ खिडकीकडे गेली होती आणि मध्येच संपली होती. ती संपली तिथे नोर्बेर्तो हवेत होता. खोली तेव्हापासून बंद होती. आज सकाळी मुकादम रेंझोने किल्ली हातात देत सांगितलं होतं, "ती खोली उरकून टाक. तुझा जोडीदार होता, तूच कर." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उलट एक प्रकारची माया होती, आणि म्हणूनच ते देओदातोला जास्त लागलं. बाहेर टोरांटोवर राखाडी आभाळ टेकलं होतं, खालच्या रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी फिरत होती. हीटरचा घोगरा आवाज, ओल्या पुट्टीचा खडूसारखा वास. सगळं त्या दिवशीसारखंच.

त्याने पोटऱ्यांना ॲल्युमिनियमचे उंच पाय बांधले, पट्टे आवळले आणि भिंतीचा आधार घेत उभा राहिला. छत डोक्याशी आलं. पुट्टी जरा पातळ करून त्याने रेघेत भरायला सुरुवात केली. बोटांना जे येतं ते येतंच, मन कुठेही असो. पातं एकदा उभं फिरलं, एकदा आडवं, आणि रेघ अर्धी नाहीशी झाली. उद्या वाळली की पॉलिशपेपर फिरवायचा, परवा रंगारी येतील, मग कोणीतरी नवं जोडपं इथे दिवा टांगेल. त्या छताखाली झोपतील, भांडतील, आजारी पडतील आणि वर बघितलं तर त्यांना नुसतं पांढरं दिसेल. इतकी वर्षं त्याला याचाच अभिमान होता. शहरभर त्याची छतं होती आणि एकाही छतात त्याचा हात कुठे फिरला ते दाखवता आलं नसतं. आज मात्र पातं फिरवताना त्याला आपण कोणाचं तरी तोंड दाबतो आहोत असं वाटलं. त्याने हात थांबवला. पायाखाली बघितलं. पुन्हा बघितलं. आता तो सारखा खाली बघे. तेवढं एकच शहाणपण त्या दिवसाने त्याला दिलं होतं, आणि ते नोर्बेर्तोच्या काही उपयोगाचं नव्हतं.

त्या दिवशी झुल्मीराने खोली झाडली होती. त्या उंच पायांवर चढायच्या आधी जमीन साफ हवी, हा नियमच होता, आणि झाडण्याचं काम तिचं. साठीला टेकलेली, रुंद खांद्यांची बाई. पोर्तुगालच्या आझोर बेटांवरचीच, देओदातोच्या गावापासून दोन डोंगर पलीकडची, रविवारी एकाच चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी. तिचं झाडणं म्हणजे शिक्षा दिल्यासारखं असे. "पुरे की आता," देओदातो तिला म्हणाला होता, "इथे काय पंगत बसायची आहे?" त्यावर ती म्हणाली होती, "तुम्हा पुरुषांचं काय, गोठ्यातही बसाल जेवायला. बाजूला हो." खिडकीखाली वाकून तिने कोपऱ्यातला चुरा बोटांनी ओढून काढला होता. मग ती पुढच्या खोलीत गेली. मग देओदातोने भिंतीच्या कोपऱ्याला लावायची पत्र्याची पट्टी मापून कापली आणि बोटभर तुकडा खाली पडला. तो पडताना त्याने बघितला. त्याचा लहानसा टिण असा आवाजही ऐकला. उचलू, पुढचा कापला की दोन्ही एकदम उचलू, असं त्याच्या मनात आलं, आणि तो दुसऱ्या कोपऱ्याकडे वळला. एवढंच. नंतर तो रोज त्या क्षणापाशी जाऊन कारण शोधी. फोन वाजला होता का? कोणी हाक मारली होती का? पाठ दुखत होती का? काही नव्हतं. कारण असतं तर त्याला धरून उभं राहता आलं असतं.

नोर्बेर्तो पाठमोरा, वर बघत, सांधा ओढत मागे मागे येत होता आणि गुणगुणत होता. मग ते गुणगुणणं तुटलं. पडण्याचा आवाज देओदातोला आठवत नसे. आठवे ते त्यानंतरचं, नोर्बेर्तोचं अगदी हळू, जवळजवळ लाजून, "आई गं" म्हणणं. माणसं धावली, रुग्णवाहिका आली, खुबा मोडला असं कोणी म्हणालं. गर्दी पांगल्यावर रेंझोने जमिनीवरून तो तुकडा उचलला, दुमडलेला, नोर्बेर्तोच्या उंच पायाच्या रबराचा काळा डाग पडलेला. "हे इथे कसं? झाडलं नव्हतं का?" त्याने देओदातोकडे बघितलं. "तू होतास इथे. तिने ही खोली झाडली होती?" दारात झुल्मीरा उभी होती, झाडू छातीशी धरून, तोंड उघडं. देओदातोला आठवतं की त्याने खरं सांगण्यासाठीच श्वास घेतला होता. पण त्या श्वासावर जे शब्द बाहेर आले ते असे होते: "मी बघितलं नाही." कोणाचं नाव घेतलं नाही, कोणावर आळ घेतला नाही. त्याला आधी वाटलंही की आपण काहीच बोललो नाही. संध्याकाळी झुल्मीराला घरी बसवलं. आणि रविवारच्या आत बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे एकच वाक्य झालं: झुल्मीराने नोर्बेर्तोला पाडलं.

काम उरकून तो नोर्बेर्तोकडे गेला. रोज जाई. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं, आणि जाणं जास्त वाईट वाटे. या देशात आला तेव्हा देओदातोला हातात पातं कसं धरायचं तेही ठाऊक नव्हतं. नोर्बेर्तोने आपल्या तळघरात त्याच्या पायांना ते उंच पाय बांधून, कमरेला दोन्ही हातांनी धरून, लहान पोराला चालवावं तसं चालवलं होतं. "खाली बघू नकोस, गाढवा. खाली बघायला मी आहे." तो हसत होता, जिन्यावर बसलेली त्याची बायको नातेर्सियाही हसत होती. पुढे देओदातोच्या मुलीचा धर्मपिता नोर्बेर्तोच झाला. देओदातो तेव्हापासून त्याला दादा म्हणू लागला. आता दादा पुढच्या खोलीत आणलेल्या पलंगावर उशांना टेकून बसला होता. शेजारी चालण्याचा चौपायी आधार, खिडकीत सांतो क्रिश्तोची, त्यांच्या बेटावरच्या येशूची, तसबीर. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं होतं, पण घरातल्या घरात. पुन्हा त्या उंच पायांवर चढायचं नाव काढायचं नाही, हेही सांगितलं होतं. ते नोर्बेर्तो सगळ्यांना हसत सांगे आणि सांगून झालं की भिंतीकडे बघे.

"त्या खोलीचं काय झालं?" त्याने विचारलं.

"आज केली."

"माझा सांधा ठीक होता ना?"

"ठीक होता, दादा. मध्यापर्यंत एकदम ठीक."

तेवढ्यात घंटी वाजली. नातेर्सियाने दार उघडलं आणि बाहेरच्या थंडीबरोबर झुल्मीरा आत आली. डोक्याला काळा रुमाल, हातात फडक्यात बांधलेलं भांडं. तिने भांडं टेबलावर ठेवलं, बूट काढले, कोणाकडे न बघता सरळ पलंगापाशी आली आणि काही कळायच्या आत गुडघ्यांवर बसली. "नोर्बेर्तो, आधीच यायला हवं होतं. धीर झाला नाही. माझं चुकलं."

"अगं उठ, उठ," नातेर्सिया म्हणाली.

"नाही, बोलू दे मला. मी झाडलं होतं असं मला वाटतं. खिडकीखाली हात घातल्याचंही आठवतं. पण सगळेच म्हणतात नाही झाडलं, तर नसेल झाडलं. दुसरीच खोली असेल ती, मी आपली हीच धरून बसलेय. आता मला शपथेवर काही सांगता येत नाही." तिचा आवाज कोरडा होता, रडण्याच्या पलीकडे गेलेला. "तू पुन्हा उभा राहशील तोवर मला झोप नाही."

देओदातो खुर्चीत बसला होता. त्याचे हात मांडीवर होते आणि नखांच्या कडेला पुट्टी वाळून पांढरी झाली होती. तो ती खरवडू लागला. आपण तिच्यापासून नुसतं काम काढून घेतलं असं तो समजत होता. आता त्याच्या डोळ्यांसमोर ती खिडकीखाली वाकली, बोटांनी चुरा ओढला, आणि ते दृश्य फक्त त्याच्यापाशी उरलं होतं. तिच्यातून पुसून गेलं होतं. नोर्बेर्तो उशांवर जरा वर सरकला. दुखलं असावं, पण त्याने दाखवलं नाही. चेहरा एकदम गंभीर, मोठा झाला. त्याने झुल्मीराच्या डोक्यावर हात ठेवला, गावच्या पाद्र्यासारखा. "लक्ष सगळ्यांचंच चुकतं, झुल्मीरा. मी तुला माफ केलं. देवासमोर सांगतो, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही." नातेर्सियाने डोळे पुसले. झुल्मीराने त्याचा हात कपाळाला लावला. मग नोर्बेर्तो देओदातोकडे वळला. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर असं समाधान दिसत होतं. "काय रे, बरोबर केलं ना मी?"

"बरोबर केलंस, दादा," देओदातो म्हणाला.

नातेर्सियाने झुल्मीराच्या भांड्यातलं सूप सगळ्यांना वाढलं. बटाट्याचं, बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं, सॉसेजच्या दोन चकत्या वर तरंगणारं. "खा," झुल्मीरा त्याला म्हणाली, "बायको माहेरी गेल्यापासून वाळलास तू." तो खाऊ लागला. सूप चांगलं होतं. घास गरम गरम खाली उतरत होता आणि पोटात पोहोचल्यावर बरं वाटत होतं, आणि असं बरं वाटू शकतं याची त्याला भीती वाटली. माणूस हेही पचवतो. आणखी महिनाभराने हे वाक्य, "मी बघितलं नाही", खरंच होऊन बसेल. तो स्वतःही ते मानू लागेल, आणि मग ती खोली झाडलेली कोणालाच आठवणार नाही. घरी जाताना बर्फावरून चालत त्याने स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हटलं, खिडकीखाली हात घातला होता, खिडकीखाली हात घातला होता. लहानपणी प्रार्थना विसरू नये म्हणून म्हणत असे, तसं.

रविवारी चर्च सुटल्यावर तो तिच्या मागोमाग निघाला. बायका पायऱ्यांवर घोळका करून उभ्या होत्या. झुल्मीरा कडेने निघून गेली आणि कोणी तिला थांबवलं नाही. हे त्याने बघितलं. ती एका घराच्या तळघरात राही. मागचं दार उघडंच होतं. ती कोट न काढताच ओट्यापाशी उभी राहून पानं चिरत होती. सुरी इतकी झरझर चालत होती की पानांचे केसांसारखे धागे पडत होते.

"आलास? बस. नोर्बेर्तोकडे न्यायला करतेय."

"तू झाडलं होतंस," देओदातो म्हणाला.

सुरी चालू राहिली.

"मी तिथेच होतो. तू झाडून गेल्यावर मी पट्टी कापली. तो तुकडा माझा होता. पडताना मी बघितला आणि उचलला नाही."

सुरी थांबली. तिने वळून बघितलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे मी झाडलं होतं."

"हो."

"खिडकीखाली?"

"खिडकीखालीही. बोटांनी चुरा काढलास. मला म्हणालीस, गोठ्यातही बसाल जेवायला."

"म्हणाले होते!" ती एकदम ओरडली आणि वळली, आणि क्षणभर तिचा चेहरा एखाद्या मुलीसारखा उजळला. "म्हणाले होते की! मला आठवतंय!" मग तो उजेड ओसरत गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते बघून देओदातो उठून उभा राहिला. "माझ्या आईचं डोकं असंच गेलं," ती हळू बोलली. "आधी चूल विझवली की नाही ते आठवेना, मग दार, मग मी कोण ते. तिच्यामागोमाग आपली पाळी आली असं मी धरून चालले होते. गॅस बंद केला का ते बघायला रात्री उठते मी. मुलीला फोन करून सांगितलं, आता माझा भरवसा नाही. तुला कळतंय तू काय केलंस? कामाचं काय, काम कुठेही मिळेल. तू माझं डोकं काढून घेतलंस, देओदातो, आणि समोर बसून माझं सूप प्यायलास."

"झुल्मीरा, मला माफ—"

"ते नाव काढू नकोस!" सुरी अजून तिच्या हातात होती, तिने ती ओट्यावर ठेवली, जपून, आपल्यापासून लांब. "माझ्या तळघरात येऊन माझ्या कानात सांगतोस? इथे कोण आहे? ज्यांच्यासमोर माझं नाव गेलं त्यांच्यासमोर बोल. मग नोर्बेर्तोला सांग. जा आता."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे तळमजल्यावर हीटरभोवती बादल्या उलट्या घालून बसले होते. देओदातो उभा राहिला. तोंडातला पाव त्याला गिळता येईना, म्हणून तो तसाच गालात धरून त्याने सांगितलं, आणि त्यामुळे त्याचं बोलणं बोबडं, जरा विनोदी ऐकू आलं. कोणी हसलं नाही. "ती खोली झुल्मीराने झाडली होती. तुकडा माझा. मी खोटं बोललो." एका वायरमनने विचारलं, "आणि इतके दिवस?" बाकी सगळे आपापल्या डब्यात बघत राहिले. त्याला वाटलं होतं की बोलल्यावर काहीतरी सुटेल, छातीवरचं उतरेल. तसं काही झालं नाही. फक्त आतलं बाहेर आलं, आणि आता ते तिथे सगळ्यांच्या मध्ये पडलं होतं आणि कोणालाच त्याला हात लावायचा नव्हता. रेंझोने हात झटकले. "झुल्मीराला मी फोन करतो," तो म्हणाला. "तिची माफी कंपनीने मागायला हवी, पण कंपनी कसली मागते, मीच मागेन. तुला इथून हलवणार. मला तुझ्याकडे बघून काम सांगता येणार नाही, देओदातो. तुकड्याचं काही नाही. तुकडा माझ्याही हातून पडला असता."

नोर्बेर्तोला सांगायला त्याने कमी शब्द घेतले. संध्याकाळ उतरत होती, नातेर्सिया दिवा लावायला उठली होती ती बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. नोर्बेर्तोने सगळं ऐकून घेतलं. देओदातो शिव्यांची वाट बघत होता. त्याला त्या हव्या होत्या. नोर्बेर्तोच्या शिव्या प्रसिद्ध होत्या, मजल्यावरून मजल्यावर ऐकू जात.

"दिवा लाव, नातेर्सिया," तो शेवटी म्हणाला. उजेड पडल्यावर त्याने आपल्या हाताकडे बघितलं, झुल्मीराच्या डोक्यावर ठेवला होता त्या हाताकडे. "मी तिला माफ केलं," तो म्हणाला. "उशांना टेकून, राजासारखा. ती खाली जमिनीवर. आणि मला काय बरं वाटलं होतं माहीत आहे? पडल्यापासून पहिल्यांदा वाटलं, अजून मी कोणीतरी आहे. तू समोर बसला होतास. तुला विचारलंही मी."

"दादा—"

"तुकड्याचं ठेव बाजूला. ते माझ्या नशिबात होतं म्हणेन नाहीतर तुझ्या डोक्यात घालेन, ते मी नंतर ठरवीन. पण त्या माफीचं मी काय करू? सांग ना. ती आता कुठे ठेवू?" त्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "उठव मला."

"डॉक्टरांनी बाहेर—" नातेर्सिया म्हणाली.

"कोट आण. आणि तो गाढव आहे ना इथे. त्याच्यावर रेलतो."

झुल्मीराचं घर पुढच्याच गल्लीत, पण बाहेरच्या पायऱ्यांवर बर्फ गोठला होता. नातेर्सिया मीठ टाकत पुढे झाली. नोर्बेर्तोने एका हाताने कठडा धरला, दुसरा देओदातोच्या मानेभोवती टाकला आणि सगळा भार त्याच्यावर सोडला. केवढा जड माणूस. प्रत्येक पायरीला त्याचा श्वास दातांतून आत जाई आणि ती कळ त्याच्या बोटांतून देओदातोच्या खांद्यात उतरे; किती दुखतंय ते बोटांच्या दाबावरून अचूक कळत होतं. "थांबू या का?" देओदातोने विचारलं. "चल," नोर्बेर्तो म्हणाला. मग चौपायी आधार, मग पुन्हा खांदा, मग आधार. गल्लीतल्या खिडक्यांमधून पडदे हलले. एका ओळखीच्या बाईने दारातून विचारलं, "अरे, हे काय, कुठे निघालात?" आणि नोर्बेर्तो थांबून, घाम पुसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "झुल्मीराकडे! तिने काही केलेलं नाही, तेवढं सगळ्यांना सांगा!" देओदातोने मान खाली घातली. दादाने त्याचं नाव घेतलं नव्हतं. त्याने ते घ्यायला हवं होतं असं देओदातोला वाटलं, आणि न घेतल्याबद्दल त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थंडीत गालावरच गार झालं.

झुल्मीराने दार उघडलं. हातांना कोपरापर्यंत पीठ. "देवा! या बर्फात? वेड लागलंय का तुम्हाला? नातेर्सिया, तू तरी—"

"थांब," नोर्बेर्तो म्हणाला. तो धापा टाकत होता. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. "देओदातो, माझी टोपी काढ." देओदातोने ती काढली. म्हाताऱ्याचे विरळ केस घामाने डोक्याला चिकटले होते. "झुल्मीरा, मी त्या दिवशी तुला माफी दिली होती. ती परत न्यायला आलोय. ती द्यायचा मला काही हक्क नव्हता."

मग तिने पिठाचे हात त्याच्या कोटाला लागणार नाहीत असे उंच धरून आपला खांदा त्याच्या काखेत घातला. "आत चल आधी. पडलास तर या वेळी खरंच माझ्या दारात पडशील." नोर्बेर्तो हसला, कण्हला, आणि दोघी बायकांनी त्याला आत नेलं. देओदातोच्या मानेवरून तो भार उतरला आणि तिथे एकदम गार लागलं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आतून पावाचा, यीस्टचा गोडसर वास येत होता, खुर्ची सरकवल्याचा आवाज, नातेर्सियाचं "हळू, हळू". त्याला कोणी बोलावलं नव्हतं. जा म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं.

"माझी टोपी त्याच्याकडे राहिली," आतून नोर्बेर्तो म्हणाला.

पीठ ओट्यावर आपटल्याचा आवाज झाला, एकदा, दोनदा.

"मग आत येऊन देऊ दे," झुल्मीरा म्हणाली. "आणि दार लावून घे म्हणावं."